वीज गेल्यावरची जागा

४ मार्च

ताई,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. मागच्या खेपेला म्हणालीस की हल्ली फोनवर सगळेच पुटपुटतात, तोंड उघडून बोलायची लोकांना लाज वाटते. माझी बायको म्हणते, ताईंना पत्रांची हौस आहे, लिहा की. तर लिहितोय. अक्षराला नावं ठेवू नकोस.

बातमी अशी की आमची फिल्म शुक्रवारी तुमच्या गावात लागतेय, स्टेशनासमोरच्या थिएटरात. तो टीव्हीवरचा जाडा विनोदी नट आठवतो ना? जेवताना याला बघू नये, ठसका लागतो, असं तू म्हणायचीस, तोच. तो लहानपणी एका बस डेपोच्या मागे राहायचा. नाव झालं, पैसा झाला, तेव्हा त्याच्या डोक्यात आलं की त्याच डेपोच्या आवारात गाण्याचा मोठा कार्यक्रम करायचा, सगळ्या गल्लीला फुकट. स्वतः दारोदार फिरून आमंत्रणं दिली. ओळखीचे गाणारे-वाजवणारे गोळा केले. सूत्रसंचालनही त्याचंच. या सगळ्याची ही फिल्म आहे आणि तिच्या आवाजाचं काम मी केलंय. लोक हसत आत जातात, हसत बाहेर येतात. कुणी मरत नाही, कुणाचं लग्न मोडत नाही.

पेपरवाले चांगलं लिहितायत, पण ते कॅमेऱ्याबद्दल. आवाजाबद्दल त्यांना एवढंच कळतं की आला की नाही. तुझं वेगळं. बाबा लोकांचे पियानो जुळवायला जायचे आणि आपल्याला न्यायचे, तेव्हा तू मला पियानोखाली बसवायचीस. वरून बाबा पट्टी दाबायचे आणि तू विचारायचीस, तारा भांडतायत की एक झाल्या? मी चुकलो की टपली. पुढे बाबांची हत्यारांची पिशवी तू घेतलीस आणि मी फिल्मवाल्यांत गेलो, पण आज मी जे खातो ते त्या टपल्यांचंच.

म्हणून एक विनंती. फिल्ममध्ये एक जागा आहे. गेली वीस वर्षं हे काम करतोय, पण तिच्याइतका जीव कशातच लावला नाही. कुठली ते सांगत नाही. तूच ओळख आणि कशी वाटली ते लिही. वाईट वाटली तरी लिही, म्हणजे तू लिहिशीलच.

तुझा
छोट्या

---

१३ मार्च

छोट्या,

पाहिली तुझी फिल्म. वरच्या मजल्यावरच्या नर्सला बरोबर नेलं. तिची रात्रपाळी संपली होती. म्हटलं, झोपायचंच आहे तर थिएटरात झोप, खुर्च्या बऱ्या आहेत. ती झोपली नाही, आणि मलाही कधी नव्हे ते पाय आखडल्याची आठवण झाली नाही.

अरे, किती दिवसांनी मी अशी हसले. तो न्हाव्याकडे जातो ते दृश्य. अर्ध्या गालाला फेस, आणि तसाच खुर्चीतून उठून आमंत्रण देतो. न्हावी म्हणतो, त्या दिवशी दुकानात गर्दी असते. हा म्हणतो, गर्दी घेऊनच या. आणि मग खरंच, कार्यक्रमात तिसऱ्या रांगेत एक माणूस गळ्यात न्हाव्याचा पांढरा कपडा अडकवून बसलेला. तो दिसला तेव्हा नर्सने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की अजून हिरवं आहे. काही विनोद निसटले म्हणा. लोक आधीच हसायला लागतात आणि पुढचं ऐकू येत नाही. मग मी नर्सकडे बघायचे, ती हसली की हसायचे. आमचं बरं जमलं.

त्या दोन जावा, भिंतीच्या अल्याड-पल्याड राहणाऱ्या आणि वर्षानुवर्षं न बोलणाऱ्या. त्याने दोघींना वेगवेगळं बोलावलं आणि खुर्च्या मात्र शेजारी दिल्या. सुरुवातीला दोघी दोन दिशांना बघतात. शेवटी थंडी वाजायला लागते तेव्हा एकीची शाल दोघींच्या गुडघ्यांवर. त्यांचं तोंड वळलेलंच राहतं हां, नुसती शाल. हे ज्याने टिपलं त्याला माझा निरोप सांग की तुला बायका कळतात.

डेपोच्या साहेबाचा चेहरा तर मी विसरणार नाही. बसेस अर्धगोल लावून त्याचा रंगमंच केलेला, आणि कुणी गाणारा एखाद्या बसला टेकला की साहेब डोळे मिटून घेतो. गाणाऱ्या निळ्या जाकिटवालीच्या गळ्याची शीर कशी ताठ होते. ढोलवाला वाजवताना जीभ चावतो, तो ढोल थेट छातीत वाजतो. गच्चीवरची म्हातारी इतकी वाकते की तिच्या लेकीने मागून तिला कपड्याला धरून ठेवलंय. माणसं खूश असली की किती बरी दिसतात. मी बाहेर पडले तेव्हा रिक्षावाल्याशीही भांडले नाही.

आता तुझी जागा. ओळखली. मला फसवायला निघालास होय?

वीज जाते. पडदाभर अंधार. मग एकेका बसचे पुढचे दिवे लागतात आणि त्या उजेडात तो जाडा एकटा मधोमध उभा. माईक मेलेला. आता हा काहीतरी चावटपणा करणार म्हणून मी हसायच्या तयारीत. आणि तो काहीच करत नाही. रडू दाबणाऱ्या पोरासारखे ओठ पुढे काढून नुसता उभा राहतो. आणि तू सगळा आवाज काढून घेतलास. ना बाजा, ना टाळ्या, काही नाही. एवढी गर्दी, आणि चिडीचूप. थिएटरातही कुणी खोकलं नाही. दुसरा कुणी असता तर तिथे व्हायोलिनं रडवली असती. तू गप्प बसलास. छोट्या, हे धाडस लागतं. बाबा असते तर काही बोलले नसते, नुसते तुझ्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले असते. मला तुझा अभिमान वाटला. एवढंच. डोक्यात जाऊ देऊ नकोस.

माझं इकडे चाललंय. संगीत शाळेच्या मोठ्या बाईंनी परत बोलावलं होतं. पियानोच्या वरच्या टोकाच्या पट्ट्या म्हणे खटकतात. मी जुळवून आले, तरी पुन्हा तेच. शाळेतल्या पोरांना वाजवता येत नाही, त्याला मी काय करू? नाचता येईना अंगण वाकडं. आधी आणखी एका घरून असाच निरोप आला होता. हल्ली लोकांचे कान बिघडलेत.

तुझी
ताई

---

१९ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं. बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. शालीचा निरोप कॅमेरावाल्याला पोचवला, तो लाजला.

वीज गेल्यावरची जागा तू बरोबर ओळखलीस. तीच.

एक विचारायचं होतं. तुम्ही कुठे बसला होतात? अगदी मागे का, किंवा एखाद्या कोपऱ्यात? कधीकधी अशा थिएटरात एका बाजूचे स्पीकर बंद पडलेले असतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. खरखर वगैरे जाणवली का? तुमच्या गावात मोठ्या बाजारापाशी दुसरं थिएटर आहे, तिथेही आमची फिल्म लागलीय. सोबत दोन पास पाठवतोय. जमलं तर पुन्हा एकदा बघ, मधल्या रांगेत बसून. मला तिथल्या आवाजाबद्दल तुझं मत हवंय.

आणि मोठ्या बाई नक्की काय म्हणतात? वरच्या कुठल्या पट्ट्या? सगळ्यात शेवटच्या, की त्याच्याही अलीकडच्या? सहज विचारतोय.

तब्येतीला जप. फोन उचलत जा.

तुझा
छोट्या

---

२७ मार्च

छोट्या,

तुला एकदा चांगलं म्हटलं तर पुरत नाही का? कुठे बसला होतात, कोपरा होता का, खरखर होती का. सरळ लिही ना, ताई आणखी दोन वाक्यं कौतुक कर. लहानपणीही तू असाच. चित्र काढून दाखवायचास, छान म्हटलं की विचारायचास, काय छान आहे?

तरी गेलो आम्ही. फुकटचे पास आणि फिल्म चांगली, नाही कशाला म्हणू? मधल्या रांगेत, अगदी मधोमध बसलो. स्पीकर ठणठणीत होते, ढोलाने खुर्ची हलत होती. तुझ्या जागेबद्दल माझं मत तेच आहे. उलट यावेळी एक गंमत दिसली. पडद्यावर ती शांतता सुरू झाली आणि मी मुद्दाम आजूबाजूला बघितलं. नर्स मान डोलावत होती. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ बोटाने खुर्चीच्या हातावर ठेका धरत होता. नुसत्या शांततेत! बाहेर आल्यावर नर्सला विचारलं, कसला ताल धरलास ग? ती म्हणाली, किती गोड होतं ते. तेव्हा मला कळलं की तू काय केलंयस. लोकांना न वाजलेलं गाणं ऐकवलंस. आता झालं समाधान?

मोठ्या बाईंचं म्हणशील तर त्यांनी वरच्या पट्ट्यांसाठी दुसऱ्या कुणाला तरी बोलावलं म्हणे. बोलावू देत. मला त्याहून मोठं काम आलंय, आणि तुला सांगायचं होतं ते हेच. टाऊन हॉलमध्ये वीस एप्रिलला बाहेरून एक नामांकित पियानोवादक येतोय. हॉलने नवा कोरा, लांब पियानो घेतलाय आणि तो जुळवायला मला सांगितलंय. बाबांना आयुष्यभर हॉलचं काम मिळालं नाही. दरवेळी बाहेरचा माणूस आणायचे. आता त्यांच्या पिशवीतलीच तारा जुळवायची किल्ली घेऊन मी जाणार. गावातला प्रत्येक पियानोवाला त्या दिवशी पुढच्या रांगेत असेल. चुकले तर परत कुणी दारात उभं करणार नाही, हे मला माहीत आहे. पण चुकेन कशाला?

तुझी
ताई

---

२ एप्रिल

ताई,

हे पत्र मी तीनदा फाडलंय. आता जसं येईल तसं लिहितो.

त्या जागी शांतता नाही.

वीज गेली तेव्हा आमची सगळी मोठी यंत्रणा बंद पडली. मी बॅटरीवर चालणारा छोटा रेकॉर्डर घेऊन धावलो आणि त्याच्या पायाशी जाऊन बसलो. लोक बिथरले असते, चेंगराचेंगरी झाली असती. त्याला ते कळलं. माईक नाही, गाता येत नाही, विनोद शेवटच्या रांगेपर्यंत पोचणार नाही. मग त्याने शिट्टी वाजवायला सुरुवात केली. लहानपणी डेपोतला एक ड्रायव्हर गाडी धुताना वाजवायचा ती साधी धून. अगदी हळू, बारीक, उंच. लोकांना ती ऐकण्यासाठी गप्प व्हावं लागलं आणि ते झाले. तू पाहिलेले ते पुढे काढलेले ओठ रडू दाबणाऱ्याचे नव्हते. वीज परत येईपर्यंत तो शिट्टी वाजवत होता. ती शिट्टी म्हणजे माझी जागा. नर्सने तिच्यावर मान डोलावली. पुढच्या रांगेतल्या गृहस्थाने तिच्यावर ठेका धरला.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी थिएटरवर ढकललं. तिथल्या माणसाला फोन केला, त्याने शपथेवर सांगितलं की सगळे स्पीकर चालू आहेत. म्हणून दुसरीकडचे पास पाठवले. तू मला कौतुकाला हपापलेला समजलीस. मला ते बरंच वाटलं, कारण खरं कारण लिहायचं धैर्य नव्हतं.

ताई, मला वाटतं तुला वरचे आवाज ऐकू येत नाहीत. खालचे येतात, ढोल येतो, माणसाचं बोलणंही बरंचसं येतं, पण बारीक आणि उंच ते गळतं. फोनवर सगळे पुटपुटतात ते म्हणूनच. मोठ्या बाईंना जे खटकतं तेही बहुतेक त्याचमुळे. आमच्या धंद्यात हे पुष्कळांना होतं. यात कुणाचा दोष नसतो आणि ज्याला होतं त्याला सगळ्यात शेवटी कळतं.

सोनारानेच कान टोचावे म्हणतात. मी सोनार नाही, तुझा धाकटा भाऊ आहे. पण तुला हे मी नाही सांगितलं तर वीस तारखेला अख्ख्या हॉलसमोर कळेल. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. कानाच्या डॉक्टरकडे जा आणि मला खोटं ठरव. मला खूप आनंद होईल.

छोट्या

---

८ एप्रिल

छोट्या,

पत्र पोचलं.

बाबांच्या हाताखाली मी चाळीस वर्षांपूर्वी पहिला पियानो जुळवला. तू तेव्हा खाली बसून नाक शिंकरत होतास. एका फिल्मला आवाज दिलास म्हणून आता माझे कान तपासायला निघालास. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं.

तुझी शिट्टी तुला लखलाभ. हॉलचं काम मी घेतलंय आणि मी करणार आहे. याबद्दल पुन्हा लिहू नकोस. नर्सला किंवा आणखी कुणाला काही लिहिलंस तर मी तुझं तोंड बघणार नाही.

ताई

---

१२ एप्रिल

ताई,

कुणालाही काही लिहिलेलं नाही. लिहिणारही नाही.

वादही घालत नाही. फक्त एक मागणं. पियानो जुळवून झाला की वादक यायच्या आधी वरच्या टोकाच्या पट्ट्या दुसऱ्या कुणाला तरी ऐकव. कुणालाही. ते ठीक म्हणाले तर मला एका ओळीचं पत्र टाक, त्यात हवं ते म्हण.

तू उत्तर देईपर्यंत मी गप्प आहे.

छोट्या

---

१८ मे

छोट्या,

महिनाभर तुला टांगून ठेवलं. तुझी बायको नर्सच्या नंबरवर फोन करून माझी खुशाली विचारत होती, ते मला कळलंय. तिने तब्येतीपलीकडे काही विचारलं नाही असं नर्स म्हणते, म्हणून माफ.

काय झालं ते सांगते.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळीच हॉलवर गेले. रिकामा हॉल, खुर्च्या उलट्या करून ठेवलेल्या, झाडूवाली बाई आणि मी. पियानो असा देखणा की झाकण उघडताना पदराला हात पुसले. मधल्या पट्ट्यांपासून सुरुवात केली, मग खाली उतरले. लोण्यासारखं काम. तारा भांडतात, मी किल्ली जराशी फिरवते, भांडण मिटतं. तुझं पत्र मी डोक्यातून काढून टाकलं होतं. मनात म्हटलं, हे बघ, हे ऐकू येतंय की नाही?

मग वर सरकले. वरच्या पट्ट्यांत एका ठिकाणी सूर बारीक होत गेला, आणि शेवटच्या पट्ट्यांवर आले तेव्हा नुसतं टक. लाकडावर लाकूड आपटल्यासारखं. टक. टक. हे टक मी पुष्कळ दिवस ऐकत आले होते रे. शाळेतल्या पियानोत ऐकलं तेव्हा म्हटलं, तारा जुन्या झाल्या. त्या दुसऱ्या घरी ऐकलं तेव्हा म्हटलं, आतल्या हातोड्यांची लोकर कडक झाली. पण हा पियानो नवा कोरा होता. त्याच्यावर ढकलायला काही नव्हतं.

आणि सगळ्यात वाईट हे की माझा हात तरीही किल्ली फिरवत होता. त्याला सवय होती. कान काही सांगत नव्हता आणि हात आपला काम केल्यासारखं करत होता. मी हात मागे घेतला. तिथेच बाकावर बसून रडले. झाडूवाली आली, पाण्याचा तांब्या ठेवून गेली. मला राग आला होता, पण तुझा नाही. तुझ्यावर काढायचा तो आधीच काढून झाला होता. मला भीती वाटली. बाबांनी मला दुसरं काही शिकवलंच नाही, आणि मला येतही नाही.

किल्ली पिशवीत टाकून घरी जावं असं एकदा वाटलं. हॉलच्या व्यवस्थापकाला ताप आल्याचं कळवायचं, बस. मग तुझं शेवटचं पत्र आठवलं. दुसऱ्या कुणाला तरी ऐकव. गावात असे कान कुणाचे, याचा विचार केला तर एकच नाव आलं, आणि तेच मला नको होतं. गेले शाळेत. मोठ्या बाई वर्गावर होत्या. बाहेर उभी राहिले. त्या आल्या तशी सरळ सांगितलं की तुम्ही म्हणत होतात ते बरोबर होतं, मला वरचं ऐकू येत नाही आणि उद्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे. वाटलं होतं, आता या उट्टं काढतील.

"मला जुळवता येत नाही," त्या म्हणाल्या. "पण बेसूर असलं की माझे दात शिवशिवतात. तेवढ्यावर चालेल का?"

मी म्हटलं, दात घेऊन चला.

संध्याकाळपर्यंत बसलो आम्ही. मी किल्ली धरायची, त्या पट्टी दाबायच्या. चढलं की त्यांचा हात वर, उतरलं की खाली, बरोबर लागलं की तो मांडीवर. सुरुवातीला मी फार फिरवायचे आणि त्या तोंड वाकडं करायच्या. मग जमलं. नुसता हात बघून खुंटी किती फिरवायची हे कळायला लागलं. त्या कंटाळल्या नाहीत. मध्ये एकदा म्हणाल्या की माझ्या मधल्या पट्ट्यांसारखं काम त्यांनी कुठेच ऐकलं नाही, म्हणूनच वरचं त्यांना इतकं खटकायचं. हे आधी सांगितलं असतं तर मी त्यांना इतक्या शिव्या दिल्या नसत्या.

दुसऱ्या दिवशी तो वादक आला, वरपासून खालपर्यंत बोटं फिरवली, मान हलवली आणि वाजवायला बसला. टाळ्या पडल्या. मी मोठ्या बाईंशेजारी बसले होते. पण मी व्यवस्थापकाला कार्यक्रमाआधीच खरं सांगून टाकलं होतं. त्याने आभार मानले आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला बोलावू असं म्हणाला. त्याचंही चुकलं नाही. हॉलचं काम मला एकदाच मिळालं. बाबांपेक्षा एकदा जास्त.

मग नर्स मला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तू लिहिलंस तेच त्याने सांगितलं, फक्त शहाण्या शब्दांत. गेलेलं परत येत नाही. मशीन दिलंय. लोकांचं बोलणं आता स्वच्छ येतं, त्यातलं निम्मं नसतं आलं तरी चाललं असतं. नर्स रात्री केवढ्याने चप्पल ओढत चालते हे पहिल्यांदा कळलं. पियानोला मात्र मशीनचा उपयोग नाही, त्यातून प्रत्येक सूर पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. जुळवायचं तर मला दुसऱ्याचे कान लागणार, हे आता ठरलं. मोठ्या बाईंनी शाळेचं काम माझ्याकडेच ठेवलंय. त्या माझ्याबरोबर बसतात. गावातल्या पियानोवाल्यांच्या घरोघरी जाऊन मी स्वतःच सांगून आले. काहींनी नको म्हटलं, काही म्हणाले या.

फिल्म उतरायच्या आदल्या दिवशी पुन्हा बघितली, मशीन लावून. शिट्टी आली. चांगली आहे. ती धून कुठे थरथरते तेही कळलं, आणि तू त्याच्या पायाशी बसून ती पकडलीस हे मोठंच काम आहे. पण खरं सांगू? मला माझी फिल्म जास्त आवडली. त्यात तो माणूस दिव्यांच्या उजेडात काहीही न करता उभा राहतो आणि एवढी माणसं त्याच्यासाठी थांबतात. ती मी पाहिली, तू नाही पाहिलीस. तेव्हा कौतुक मागे घेत नाही.

एक मात्र तुला सुनवायचं आहे. माझं पहिलं पत्र वाचलंस तेव्हाच तुला कळलं होतं. आणि तू स्पीकर, कोपरा, खरखर असं काय काय लिहीत बसलास. पास पाठवलेस. मी तुला चिडवत राहिले आणि तू ऐकून घेत राहिलास. ते मला लागलं, तुझ्या खऱ्या पत्रापेक्षा जास्त. मला ऐकू कमी येतं छोट्या, समजत कमी नाही. जे असेल ते पहिल्याच पत्रात लिहीत जा.

आता कामाचं. शाळेचे दोन पियानो राहिलेत आणि मोठ्या बाई सुट्टीत लेकीकडे जातायत. पुढच्या आठवड्यात ये. मी किल्ली धरते, तू शेजारी बस. यावेळी खाली नाही, वर बाकावर. चढलं की हात वर, उतरलं की खाली. तू चुकलास तर मला आता कळणार नाही, म्हणून नीट ऐक.

तुझी
ताई